लांबच्या तारखांचे पिक्चर

मंदार,

विभागाच्या मॅडमनी वार्षिक अंकासाठी तुझ्यावर पानभर लिहायला सांगितलं. ‘तुम्ही दोघं कायम बरोबर असायचात, तूच लिही,’ म्हणाल्या. मी हो म्हणालो. समोरच्याला नाही म्हणणं मला अजून जमत नाही, ते तू शिकवणार होतास. ‘मंदार हा एक हसतमुख विद्यार्थी होता’ असं पहिलं वाक्य लिहिलं आणि थांबलो. तू हसतमुख कुठे होतास? दुसऱ्यांना हसवायचं आणि आपण खिडकीमागच्या कारकुनासारखा चेहरा करून बसायचं, असा तू. ते वाक्य वाचून म्हणाला असतास, ‘हा कोण गेला म्हणे?’ म्हणून ते खोडलं. तुझ्याबद्दल लिहिता येत नाही, तुलाच लिहितो. मॅडमना चालेल की नाही, माहीत नाही.

वाचणाऱ्यांना कळावं म्हणून आधी बाजाराबद्दल सांगतो. तू तेवढा वेळ कंटाळ. बाजार म्हणजे आपला मोबाइलवरचा खेळ. येणाऱ्या प्रत्येक पिक्चरचे त्यात शेअर असतात. खरे पैसे नसतात, नुसते पॉइंट. पिक्चर किती गल्ला जमवेल असं लोकांना वाटतं, त्याप्रमाणे शेअरचा भाव चढतो आणि उतरतो. पिक्चर लागला, कमाईचा आकडा आला, की भाव तिथेच गोठतो. ज्याचा अंदाज बरोबर, त्याचे पॉइंट वाढतात. आणि एक नियम आहे. आपले शेअर विकायचे तर समोर घेणारा कोणीतरी लागतो. घेणाऱ्याचं नावही दिसतं. कोणीच घेतलं नाही तर ते आपल्याच गळ्यात राहतात.

पहिल्या वर्षी संख्याशास्त्राच्या तासाला मी शेवटच्या बाकावर, दाराशी बसायचो. वर्गातली मुलं अर्धं इंग्रजीत बोलायची आणि मला ते कळायचं, पण उत्तर तयार होईपर्यंत विषय बदललेला असायचा. तू एक दिवस शेजारी येऊन बसलास. मला वाटलं माझ्याशी बोलायला आलास. तुला तास मध्येच सोडून हॉस्पिटलला जावं लागायचं, म्हणून दाराजवळची जागा हवी होती, हे नंतर कळलं.

‘पिक्चर बघतोस का?’

‘अर्धे.’

‘म्हणजे?’

‘गावाकडून येताना ट्रॅव्हल्समध्ये लावतात. मध्यंतरापर्यंत झोप लागते.’

‘मग तू आमच्या बाजारात ये. पूर्ण बघणारे सगळे बुडालेत.’

पुण्यात आल्यावर माझ्याशी कोणी केलेली ही पहिली थट्टा. मी त्या दिवशी येरवड्याला खोलीवर जाऊन चुलतभावाला सांगितलं की मला मित्र मिळाला. तो कंपनीतून दमून आला होता. म्हणाला, ‘बरं झालं, आता जेवून घे.’

माझा फोन इतका जुना होता की बाजार त्यावर उघडेना. वापरलेला एखादा घ्यायला तू मला बुधवार पेठेत घेऊन गेलास. मी दुकानदारांना विचारलं, ‘यातला चांगला कुठला?’ ते मान वर न करता म्हणाले, ‘वाईट आम्ही ठेवत नाही.’ मी बाहेर निघालो. तू बाही धरून मला परत आत ओढलंस. ‘अरे, ते रागावले नाहीयेत. गप्पा मारतायत तुझ्याशी.’ खरंच, थोड्या वेळाने त्यांनी मला माझं गाव विचारलं, आणि ते कुठे आहे हे मी सांगितल्यावर म्हणाले, ‘एवढ्या लांबून आलात, मग कव्हर फुकट घ्या.’ या शहरात कुठल्या बोलण्याला लागून घ्यायचं आणि कुठल्याला नाही, हे मी तुझ्या बाहीच्या ओढण्यावरून शिकलो. आता ओढायला कोणी नसतं तेव्हा मी अजून चुकतो.

तुला शुक्रवारी दुपारचं डायलिसिस मिळायचं. तू ते मागून घेतलं होतंस. नवे पिक्चर शुक्रवारी लागतात, दुपारपर्यंत पहिल्या खेळांची गर्दी कळायला लागते आणि मशीनवर पडून करण्यासारखं दुसरं काही नसतं, असा तुझा हिशेब. काका किंवा काकू, म्हणजे तुझे बाबा किंवा आई, सोबत असायचे. मग मी यायला लागलो आणि त्यांना तेवढा वेळ घरी जाता यायला लागलं. तुझा एक हात सुयांना जोडलेला. दुसरा मोकळा, पण थंडी वाजायची म्हणून तो तू पांघरुणाबाहेर काढायचा नाहीस. म्हणून तू बोलायचास आणि मी तुझ्या फोनवर बटण दाबायचो. ‘घे.’ ‘विक.’ ‘थांब, अजून उतरेल.’ पलीकडच्या पलंगावरचे आजोबा एकदा सिस्टरना म्हणाले, ‘मला वाटलं हा मुलगा याचा सेक्रेटरी आहे. माझ्यासाठी कोणी नाही ठेवत असा.’

पिक्चर ओळखायची आपली पद्धत वेगवेगळी होती. तू काकांवर चालायचास. घरी टीव्हीवर जाहिरात लागली आणि काका ‘बरा दिसतोय’ म्हणाले, की तू लगेच मला निरोप पाठवायचास: विक. काकांना आवडलेला पिक्चर आजवर चालला नव्हता. मी तुमच्या मंडईजवळच्या घरी पहिल्यांदा आलो तेव्हा हे माझ्यासमोरच झालं.

‘मला कळतं हां, तू काय करतोस ते,’ काका म्हणाले.

‘मग जरा एखादा नापसंत करा ना, बाबा. मला घ्यायचाय.’

‘तुला नापसंत केलेलं चालेल का? तिथून सुरुवात करतो.’

आमच्या घरी बापाशी असं बोलत नाहीत. मी बशीकडे बघत बसलो. काकू आतून म्हणाल्या, ‘गजानन, घाबरू नकोस. ते दोघं एकमेकांची चौकशी करतायत.’

माझी पद्धत हळदीची. गावाकडे लग्नांत, हळदीच्या कार्यक्रमात डीजेवर कुठल्या पिक्चरचं गाणं वाजतंय, ते मी ताईला फोन करून विचारायचो. मला वाटायचं, शहरातली मुलं ट्रेलर बघून ठरवतात, त्यांना आमच्याकडचं काय कळणार. एका पिक्चरबद्दल ताई म्हणाली, ‘सगळ्या हळदीत तेच वाजून राह्यलं रे. पोरं पागल झाले.’ मी माझे निम्मे पॉइंट त्यात घातले. तुलाही घालायला लावले. शुक्रवारी तो पिक्चर असा पडला की संध्याकाळचे खेळ रद्द झाले. मी हॉस्पिटलमधूनच ताईला फोन लावला. ‘तुम्ही गेले नाहीत का पाहायला?’ ती म्हणाली, ‘कुठं पाहू? तालुक्याचं टॉकीज बंद झालं न. तिथं आता लग्नं लागतात.’

मी स्पीकर बंद करायला विसरलो होतो. त्यामुळे तू सगळं ऐकलंस. मग म्हणालास, ‘म्हणजे गाणं टॉकीजमध्येच वाजत होतं. पडद्याच्या जागी फक्त नवरदेव.’ आणि तू हसलास. मी तुला तसं हसताना तेव्हाच पाहिलं. मशीन वाजायला लागलं, सिस्टर धावत आल्या आणि म्हणाल्या, ‘याला हसवायचं असेल तर बाहेर बसा.’ मला आधी वाईट वाटलं, मग मीही हसलो. टॉकीज बंद आहे हे मला माहीत होतं. लहानपणी त्याच्या दारावरून शाळेत जायचो. पण गावाकडच्या लोकांना गाणं आवडलं म्हणजे ते पिक्चरला जातील, एवढं मी धरून चाललो. तिकीट कुठे काढणार, हे माझ्या गणितात आलंच नाही. तू नंतर आठवडाभर वर्गात मला ‘नवरदेव’ म्हणत होतास.

त्याच दिवसांत तू माझ्या बाबांशी बोललास. त्यांना मी काय शिकतो ते नीट सांगता येत नाही. मी ‘आकड्यांचं’ एवढंच सांगितलं आहे. त्यांचा फोन आला होता आणि मी सिस्टरनी सांगितलेलं औषध आणायला खाली गेलो होतो. तू उचललास. ‘अहो काका, गजानन आकड्यांत आमच्या सगळ्यांच्या पुढे आहे. तो मागे बसतो, म्हणून सरांना दिसत नाही.’ आईने मला नंतर सांगितलं, ‘तुझे बाबा उभं राहून बोलत होते रे, जसा तहसीलदाराचा फोन आला.’ यासाठी मी तुझे आभार मानायचे ठेवले होते. मैत्रीत आभार मानले तर तू टिंगल करशील, या भीतीने ठेवलेच.

मग काकूंची किडनी जुळली. रक्तगट जुळला, पुढच्या बऱ्याच तपासण्या नीट झाल्या, ऑपरेशनची तारीख ठरेल असं डॉक्टर म्हणाले. त्या शुक्रवारी तू मला खलाशांचा पिक्चर घ्यायला लावलास. त्याचं नुसतं एक पोस्टर आलं होतं. काळं पाणी, जहाज आणि खाली पुढच्या दिवाळीची तारीख. बाजारात असल्या पिक्चरना कोणी हात लावत नाही, कारण पॉइंट अडकून पडतात. मी विचारलं, ‘इतक्या लांबचा कशाला?’

‘वेळ आहे ना.’

तू एवढंच म्हणालास. पुढच्या आठवड्यांत तू असे आणखी घेतलेस. एक त्याच्याही नंतरच्या ईदचा, एक असा की ज्याचं शूटिंगसुद्धा सुरू झालं नव्हतं. तुझं खातं लांबच्या तारखांनी भरलं. बाजारातल्या यादीत तुझा नंबर घसरत गेला आणि तू त्याकडे बघितलंही नाहीस. काकू डब्यात माझ्यासाठी वेगळी पोळी-भाजी पाठवायला लागल्या. आपण सगळे त्या दिवसांत जरा मोठ्याने बोलत होतो, असं मला आता वाटतं.

शेवटच्या तपासण्यांत काकूंना साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, यांची घेता येणार नाही. काकांचं हृदयाचं ऑपरेशन आधीच झालेलं, त्यांचा प्रश्नच नव्हता. तुझं नाव वाट बघणाऱ्यांच्या यादीत गेलं. काकू मला जिन्यात म्हणाल्या, ‘मी साखर कधी जास्त खाल्ली नाही रे, गजानन. चहातही अर्धा चमचा.’ मी ‘हो काकू’ म्हणालो.

तू यादीबद्दल एकदाच बोललास. ‘यात सगळेच तेजीवाले आहेत. विकणारा कोणीच नाही.’ त्यावर मी हसलो नाही, म्हणून तू मला बावळट म्हणालास.

नंतर तुला जंतुसंसर्ग झाला, बरा झाला, पुन्हा झाला. तू बारीक झालास. आणि एका शुक्रवारी पांघरुणातून म्हणालास, ‘खलाशी विक.’

‘आत्ता? भाव पडलाय.’

‘पडू दे. विक.’

मी तुझ्या फोनवर शेअर विक्रीला ठेवले. कोणी घेईना. तू भाव कमी करायला सांगितलास. तरी कोणी घेईना. तू डोळे मिटून पडला होतास. मग मी तुझा फोन पांघरुणावर ठेवला, खिशातून माझा काढला आणि ते मी घेतले. एका हाताने विकलं आणि दुसऱ्याने विकत घेतलं. तुझ्या फोनवर ‘विकले गेले’ असं आलं आणि खाली माझं नाव. तू एक डोळा उघडून ते वाचलंस.

‘तू कशाला घेतलास?’

‘स्वस्त मिळाला.’

‘स्वस्त असतं त्याला कारण असतं, गजा.’

‘चालेल तो. दिवाळीचा पिक्चर पडत नाही, तूच म्हणाला होतास.’

‘तेव्हा म्हणालो होतो. आता म्हणतोय, पडणार.’

‘नाही पडणार.’

सिस्टर म्हणाल्या, ‘भांडायचं असेल तर बाहेर जा. बीपी वाढतं त्याचं.’

‘मला कुठे जाता येतंय, सिस्टर,’ तू म्हणालास. ‘त्यालाच काढा.’

पुढच्या प्रत्येक शुक्रवारी हेच झालं. ईदचा गेला. शूटिंग सुरू न झालेला गेला. तू विकत होतास आणि मी घेत होतो, आणि दर वेळी आपण तो पिक्चर चालेल की पडेल यावर वाद घातला. तू म्हणायचास, खर्च फार आहे, कथा जुनी आहे, समुद्र आपल्याकडे चालत नाही. मी म्हणायचो, गाणी चांगली असतील. एकाही गाण्याचा पत्ता नव्हता. आपण कशाबद्दल बोलत होतो हे मला कळत नव्हतं असं नाही. तुलाही कळत होतं. पण पिक्चरवरून भांडता येत होतं आणि दुसऱ्या गोष्टीवरून भांडायला माझ्याकडे मुद्दाच नव्हता. ‘तू राहा’ हा काही मुद्दा नाही. तू लगेच विचारलं असतंस, कशावरून?

सगळे लांबचे विकून झाल्यावर तू एकच घेतलास. येत्या शुक्रवारी लागणारा, नवख्या मुलांनी केलेला छोटा मराठी पिक्चर. त्याला पुरेशी थिएटरंही मिळाली नव्हती. ‘सगळे यात टाक,’ म्हणालास. मी म्हणालो, वेडा आहेस का. तू म्हणालास, ‘बाबांनी काल त्याला शिव्या घातल्या. मनापासून.’ मी टाकले.

तो शुक्रवार यायच्या आधीच काकांचा फोन आला. ‘गजानन, मंदार गेला. तू सावकाश ये. घाई करून आता उपयोग नाही.’ ते फोन ठेवतील असं वाटलं, पण ठेवला नाही. ‘बसला गर्दी असेल,’ म्हणाले. मग ठेवला.

तुझा पिक्चर चालला, मंदार. पहिल्या दिवशी थोडासा, शनिवारी बरा, रविवारी थिएटरवाल्यांनी दुसऱ्यांचे खेळ काढून त्याला दिले. बाजारात कोणाकडेच त्याचे शेअर नव्हते. भाव गोठला तेव्हा यादीत सगळ्यात वर तुझं नाव होतं. अनोळखी खेळाडू तुझ्या नावाखाली अभिनंदन लिहीत होते, विचारत होते की अंदाज कसा बांधला. मला त्यांना उत्तर द्यावंसं वाटलं आणि मग नाही वाटलं.

मी तुमच्या घरी गेलो. काका आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत. काकूंना मी फोनवर यादी दाखवली. त्यांनी चष्मा लावून तुझं नाव वाचलं, मग परत वाचलं.

‘म्हणजे जिंकला का तो?’

‘हो, काकू.’

‘मग आता काय मिळतं?’

‘काही नाही.’

त्यांनी मान हलवली. बरोबर, असं म्हणाल्यासारखी. मग म्हणाल्या, ‘यांना सांगू नकोस. हा पिक्चर वाईट आहे म्हणाले होते, ते त्यांच्या मनाला लागेल.’

मला वाटलं होतं की लिहिता लिहिता शेवटी काहीतरी चांगलं हाताला लागेल. अंकात लोक असं लिहितात की तू आमच्यात आहेस, तुझ्या आठवणी बळ देतात. मला बळ मिळत नाही. शुक्रवारी दुपारी मी वर्गात बसतो आणि माझे हात रिकामे असतात. मशीनचा आवाज नाही, कोणी ‘थांब, अजून उतरेल’ म्हणत नाही. सर प्रश्न विचारतात. उत्तर मला येत असतं आणि मी देत नाही. परवा बाबांनी फोनवर विचारलं, ‘तो अहो म्हणणारा पोरगा बरा आहे का?’ त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

माझ्या खात्यात आता तुझेच सगळे पिक्चर आहेत. बाजार उघडला की तेच समोर येतात, तारखेप्रमाणे लावलेले. पुढची दिवाळी. त्यानंतरची ईद. शेवटच्याला तर तारीखही नाही, ‘लवकरच’ एवढंच आहे. मी रोज ते बघतो आणि प्रत्येक तारखेपाशी थांबून विचार करतो की तेव्हा तू कुठे असतास, कसा असतास, ऑपरेशन झालं असतं का. मग पुढची तारीख येते. हे मी तुझ्याकडून स्वस्तात घेतलं होतं. पिक्चर पडणार म्हणून तू ते विकत नव्हतास. रोज त्या तारखा समोर येत होत्या आणि त्या तुला बघवत नव्हत्या. आता मलाही बघवत नाहीत.

म्हणून गेल्या आठवड्यात मी सगळे विक्रीला ठेवले. भाव कमी केला. मग अजून कमी केला. ते तसेच पडून आहेत, कोणी हात लावत नाही. तू विकत होतास तेव्हा घ्यायला मी तरी होतो.

गजानन